उतारावरची तिसरी इमारत

साइटवर अक्काचं सगळे ऐकत आणि घरी तिचं कुणीच ऐकत नसे, म्हणूनच ती इतका वेळ साइटवर काढते, असं तिच्या आईचं ठाम मत होतं.

अक्का बांधकामावरची इंजिनीअर. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एका वेळी एकच काम हातात घेते मी." आई, धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत ती दोन खोल्यांच्या घरात राहत होती. भावाचं पडद्यांचं दुकान होतं आणि भावजय नगरपालिकेच्या पर्यावरण खात्यात निरीक्षक होती. अंगाने बारीक, चालणं तुरुतुरु, आणि खिशात कायम काहीतरी कोंबलेलं: बिया, पिसं, एखादं वाळलेलं हाड. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात अक्काने तिला 'खारूताई' म्हटलं. पुढे त्याचं 'खारू' झालं आणि ते असं चिकटलं, की आता तिची सख्खी आईसुद्धा फोनवर विचारायची, "खारू आहे का घरी?"

दोघींचं तसं छान जमायचं. खारू अक्काला 'तू' म्हणायची. रागावली की मात्र 'तुम्ही' म्हणायची. "अक्का, तुम्ही जरा सरकता का?" असं ऐकू आलं, की भाऊ पेपर उघडून त्याच्या आड बसायचा.

घर लहान होतं. आतल्या खोलीत आई आणि अक्का. बाहेरच्या खोलीत टीव्ही, जेवणाचं टेबल आणि घडीचा पलंग. आईची मालिका संपल्याशिवाय तो पलंग उघडायचा नाही, त्यामुळे नवराबायकोची झोप मालिकेतल्या खलनायिकेच्या मर्जीवर होती. टेबलाच्या एका टोकाला अक्काचे नकाशे, दुसऱ्या टोकाला खारूच्या बरण्या, आणि मधल्या पट्ट्यात सगळ्यांची ताटं. एकदा आईने लोण्याचा डबा म्हणून जो उघडला त्यात सापाची कात निघाली. ती गोष्ट अजून पाहुण्यांना सांगितली जात होती.

म्हणून अक्काच्या कंपनीने गावाबाहेरच्या तळ्याकाठी तीन इमारती बांधायला घेतल्या, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. कर्मचाऱ्यांना पहिला मान होता. तिसऱ्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, चार खोल्यांचं घर त्यांनी नक्की केलं. आईला हवी होती दार असलेली स्वतःची खोली. अक्काला हवं होतं असं टेबल, ज्यावर कुणी भाजी निवडणार नाही. खारूला बाल्कनी. आणि भावाला मोठ्या खिडक्या. त्याचा उत्साह तर विचारू नका. अक्काच्या नकाशावरून मापं घेऊन त्याने पडदेच शिवून टाकले. इमारतीचा पायाही खणला नव्हता आणि तिचे पडदे इस्त्री होऊन कपाटात बसले होते.

पहिल्या दोन इमारती वर चढू लागल्या. तिसरीची खोदाई सुरू करण्याआधी नगरपालिकेची पाहणी व्हायची होती. ते काम आलं नेमकं खारूकडे.

ती साहेबांकडे गेली. "साहेब, तिथे माझी नणंद इंजिनीअर आहे. आमचं घरही तिथेच घेतलंय. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरा कोण आहे? एक रजेवर, एकाचा पाय मोडलाय," साहेब म्हणाले. "आणि नणंद-भावजय ना तुम्ही? मग पक्षपाताची काळजी कशाला?"

खारू गेली. सगळं ठाकठीक होतं. तळ्याला कुणी हात लावणार नव्हतं. उलट जाहिरातीच्या फलकावर तळं मूळ तळ्यापेक्षा मोठं आणि निळंशार रंगवलं होतं. तिसरी इमारत तळ्याच्या वरच्या बाजूला, एका मोकळ्या रेताड उतारावर यायची होती. तिथे खुरटं गवत होतं आणि भरपूर ऊन होतं, बाकी काही नाही. खारूने पेनचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात तिला पत्र्याच्या कुंपणापाशी खडखड ऐकू आली.

एक कासव होतं. थाळीएवढं, काळपट पाठीचं. ते पत्र्याला नाक लावून डावीकडे चालत जायचं, थांबायचं, पुन्हा उजवीकडे यायचं. पत्र्याखालून वाट मिळते का ते बघत होतं. खारूने वाकून पाहिलं आणि टोपण पुन्हा पेनला लावलं.

तेवढ्यात हेल्मेट सावरत अक्का आली. "झालं का? चहा सांगितलाय."

"अक्का, ही मादी आहे. अंडी घालायला निघालीय."

"मग घालू दे की. तळं आहे ना एवढं मोठं."

"पाण्यात नाही घालत कासवं अंडी. उन्हातली कोरडी, भुसभुशीत जमीन लागते त्यांना. हा उतार लागतो."

अक्का हसली. "चुकली असेल गं वाट." तिने स्वतः कासव उचललं, जपून तळ्याकाठी नेऊन ठेवलं आणि हात झटकले. "मिटलं."

दुसऱ्या दिवशी खारू मुद्दाम पुन्हा आली. कासव कुंपणापाशी होतं. सोबत आणखी दोन होती.

आता अक्का हसली नाही. खारूही सही करीना. दोघी पत्र्याच्या सावलीत उभ्या राहून भांडल्या, आणि मजूर आपण काही ऐकतच नाही अशा चेहऱ्याने फावडी धरून उभे राहिले.

"तळं राखतोय आम्ही," अक्का म्हणाली. "कायद्यात आहे तेवढं सगळं करतोय. अजून काय पाहिजे?"

"तळ्यात ती राहतात, अक्का. जन्मतात इथे. उतार गेला तरी म्हातारी कासवं वर्षानुवर्षं जगतील. लोक बाल्कनीतून बघतील, म्हणतील, वा, कासवं कशी मजेत आहेत! आणि पिल्लू एकही नसेल. वृद्धाश्रम होईल तळ्याचा."

"आणि माणसांनी कुठे राहायचं? तिसऱ्या इमारतीत एका नर्सने घर घेतलंय. दोन लेकरं, अंथरुणाला खिळलेला बाप, आणि सगळे एका खोलीत. सुट्टी मिळाली की येते आणि कुंपणाबाहेरून नुसती त्या उताराकडे बघत उभी राहते. तिला काय सांगू? बाई, तुझ्या जागी कासव बसलंय?"

खारूने पेन खिशात टाकलं. भांडणात हरली म्हणून सही करणाऱ्यांपैकी ती नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते."

'तुम्ही' म्हणाली, तेव्हाच अक्काने ओळखलं की हे प्रकरण घरापर्यंत येणार.

आलंच. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर आईने फर्मान काढलं, की या टेबलावर साइट आणि कासव हे दोन शब्द काढायचे नाहीत. मग दोघी आईमार्फत बोलू लागल्या.

"आई, तुमच्या लेकीला सांगा, मीठ द्या इकडे."

"आई, तुझ्या सुनेला सांग, मिठाला परवानगी लागत नसेल तर घे म्हणावं."

आई मीठ स्वतःच्याच ताटात ओतून घ्यायची आणि कुणालाच द्यायची नाही. भाऊ पेपरच्या आडून जेवायला शिकला.

तिसऱ्या इमारतीचं काम थांबलं. कंपनीचे मालक तसे भले, पण घाईचे. त्यांनी अक्काला बोलावलं. "हे बघा, कासवांना वाळू हवी ना? देऊ वाळू. तळ्याच्या पलीकडे मोकळी जागा आहे, तिथे काहीतरी करून द्या. आणि तुमच्या भावजयबाईंना दाखवा."

अक्काने हातात घेतलेलं काम कधी अर्धवट केलं नव्हतं. कासवांसाठी तिने असा वाळूचा वाफा बांधला, की बघत राहावं. खाली खडी, वर जाड रेती, त्यावर चाळलेली बारीक वाळू, पाणी निथळायला पाइप, आणि तळ्यापासून चढून यायला सोपा उतार. पहारेकऱ्याला सांगितलं, इकडे लक्ष ठेव.

कासवांनी त्या वाफ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आजूबाजूच्या वस्तीतल्या मांजरांना मात्र तो पसंत पडला. इतकी स्वच्छ, मऊ सोय त्यांच्यासाठी आजवर कुणी केली नव्हती. सकाळ-संध्याकाळ रांग लागायची.

"अक्का," मुकादम गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "गिऱ्हाईक तर जोरात आहे."

अक्काने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दुपारपर्यंत दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवरून खाली उतरला नाही.

आणि मग एका दुपारी, कडक उन्हात, जेवणाची सुट्टी संपत आली असताना, अक्काला दिसलं, की कुंपणाच्या फाटक्या पत्र्याखालून एक कासव आत शिरलंय. ते सरळ चालत गेलं ते पहिल्या इमारतीच्या प्लास्टरसाठी आणलेल्या वाळूच्या ढिगाकडे. थोडं चढलं. जमिनीला नाक लावलं. फिरलं, आणि मागच्या पायांनी वाळू उकरायला लागलं.

"अरे, हाकला तिला," कुणीतरी म्हणालं.

"थांब," अक्का म्हणाली. तिने मिक्सर बंद करायला लावला, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मग खिशातून फोन काढून हळूच बोलली, "तुझी बाई माझ्या वाळूत येऊन बसलीय. ये. आणि धावत येऊ नकोस, दचकेल ती."

खारू आली तेव्हा सगळी साइट चिडीचूप होती. एवढी शांतता तिथे सुट्टीच्या दिवशीही नसायची. अक्का बादलीवर पुढे झुकून बसली होती, हेल्मेट मांडीवर.

"बघ," ती कुजबुजली. "डावा पाय, मग उजवा पाय. मागे वळून एकदाही बघितलं नाही. नुसत्या अंदाजाने खणतेय."

"हं."

"वरून अरुंद ठेवलाय खड्डा आणि खाली रुंद करत नेलाय. सुरईसारखा. कडा ढासळू दिली नाही गं कुठे." मग ती जवळजवळ उठलीच. "अगं, पाणी सोडतेय! मऊ करायला पाणी मारतेय!"

"पोटात साठवून आणतात," खारू म्हणाली. "त्यासाठीच."

"पाणी बरोबर घेऊन साइटवर येते," अक्का म्हणाली. "आणि आमचे लोक टँकरची वाट बघत बसतात."

कासवाने एकेक अंडं खाली सोडलं. प्रत्येक अंडं ती एका पायावर हलकेच झेलून मग खाली ठेवत होती. सगळी घालून झाल्यावर तिने वाळू ओढून घेतली, पायांनी चोपली, पोट घासून जागा सारखी केली आणि मागे न बघता तळ्याच्या दिशेने निघाली. कुणीतरी पत्रा उचलून धरला. ती गेल्यावर बराच वेळ कुणी मिक्सर सुरू केला नाही.

"माझा वाफा का नाही आवडला तिला?" अक्काने विचारलं. आवाजात खरंच दुखावल्यासारखं होतं.

"तूच सांग. इंजिनीअर तू आहेस."

अक्का उठली आणि तळ्याला वळसा घालून वाफ्यापाशी गेली. हात वाळूत खुपसला. वाळू गार होती. तिने मान वर करून पाहिलं. भर दुपार, आणि वाफ्यावर पलीकडच्या उंच झाडांची सावली पसरली होती. एवढं सगळं मोजूनमापून बांधलं आणि ऊन मोजायचं राहिलं होतं.

"सगळ्या काठावर दिवसभर ऊन असलेली जागा एकच आहे," ती परत येऊन म्हणाली. "आपलं घर."

त्या संध्याकाळपासून टेबल तिच्या ताब्यात गेलं. आधी तिने तिसरी इमारत उतारावरून उचलून खाली रस्त्याकडेला आणली, जिथे गाड्यांसाठी जागा ठेवली होती. मावेना. निम्मी केली, मग मावली. उरलेली घरं पहिल्या दोन इमारतींवर एकेक मजला चढवून बसवता येतील का, म्हणून पायाचा हिशोब पुन्हा मांडला. एक मजला पेलत होता, दुसरा नाही. भाजी निवडायला आई आली की अक्का म्हणायची, "आई, जरा तिकडे." आणि खारू न सांगता आपल्या बरण्या खिडकीत नेऊन ठेवायची. दोघी डोकं डोक्याला लावून बसायच्या. भाऊ पेपर बाजूला ठेवून बघायचा आणि पुन्हा उचलायचा. हे त्याला भांडणापेक्षा जास्त धोक्याचं वाटत होतं.

बरोबरच होतं त्याचं. काही केलं तरी मोजकी घरं कमीच पडत होती.

"कुणाची गाळायची?" खारूने विचारलं.

अक्काने पेन्सिल उचलली आणि सगळ्यात आधी आपल्या घरावर रेघ मारली. "तपासणारी तू, नकाशा काढणारी मी. आपण दोघी त्या घरात राहायला गेलो, तर लोक तोंडात शेण घालतील, आणि त्यांचं चुकणारही नाही."

खारूने त्या रेघेवरून बोट फिरवलं. बाल्कनीत कुठल्या कोपऱ्यात पाण्याचं भांडं ठेवायचं, हेसुद्धा तिचं ठरलं होतं.

मालकांच्या केबिनमध्ये सभा झाली. तिसऱ्या इमारतीत घर घेतलेले सगळे आले होते आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. एक सेवानिवृत्त गृहस्थ टेबलावर हात आपटून म्हणाले, "कासवांना मत असतं का? मग नगरपालिका त्यांचं का ऐकते?" मालकांनी सगळ्यांना चहा दिला. परवानगीसाठी आणखी वर्ष-दीड वर्ष भांडत बसायचं, की हा नकाशा घेऊन पुढच्या महिन्यात कामाला लागायचं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी अक्काचं बोलणं संपायच्या आधीच देऊन टाकलं होतं. काही लोक पैसे परत घेऊन दुसरीकडे गेले. ते गृहस्थही गेले, जाताना दार आपटून.

नर्स दाराशीच उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली. अक्का तिच्याजवळ गेली. "पहिल्या इमारतीत नवा मजला चढतोय. त्यातलं कोपऱ्यातलं घर तुम्हाला. मात्र तळं दिसणार नाही."

"लिफ्ट आहे ना?" नर्सने विचारलं. "बाबांना दवाखान्यात न्यावं लागतं. तळं घेऊन काय करू मी?"

बाहेर आल्यावर अक्का खारूला म्हणाली, "चल आता. खरी सभा घरी आहे."

आईने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. तेच वाईट होतं. ती फक्त म्हणाली, "दार असलेली खोली मिळेल म्हणून मी या वयात आनंदाने नाचले होते रे. माझीच चूक." आणि आत गेली. मग तिने दोघींशी बोलणंच टाकलं.

"अरे, तुझ्या बहिणीला सांग, भात उतू जातोय."

"अरे, तुझ्या बायकोला सांग, छत्री घेऊन जा म्हणावं."

आता पेपरच्या आड लपायचीही सोय उरली नाही. भावाने बिचाऱ्याने पडदे कपाटातून काढले, दुकानात नेले आणि एका शाळेच्या सभागृहाला देऊन टाकले.  त्या दिवशी त्याने चहाला साखर घातली नाही आणि तसाच पिऊन टाकला. ते खारूच्या लक्षात आलं. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली.

सुटका झाली ती आईमुळेच. रुसवा धरून ती घराबाहेर हिंडू लागली होती. हिंडता हिंडता तिला दोन गल्ल्या पलीकडे एक भाड्याचं घर सापडलं. तळमजला, चार खोल्या, सगळ्यांना दारं. अक्का भिंती ठोकून म्हणाली, "ओल आहे गं इथे." आई म्हणाली, "अरे, तुझ्या बहिणीला सांग, इंजिनीअर आहेस ना, मग काढ ओल." अक्काने काढली. पुढचे कित्येक रविवार त्यात गेले, आणि शेवटच्या भिंतीला रंग लावताना आई तिला थेट म्हणाली, "तिकडे वर राहिलंय." एवढ्यावर समेट झाला.

इकडे वाळूच्या ढिगाभोवती अक्काने दोरी बांधली होती. प्लास्टरसाठी दुसरी वाळू मागवली. उतारावरचे पत्रे निघाले, तळ्याकडून कासवं बिनबोभाट चढू-उतरू लागली. जाहिरातीच्या फलकावर आता एक कासवही आलं. चित्रकाराने ते समुद्रातलं काढलं होतं, वल्ह्यासारखे हातपाय असलेलं. खारूने तक्रार केली. मालक म्हणाले, "अहो, दिसतंय किती छान!"

एका सकाळी खारू ऑफिसात पोचते न पोचते तोच फोन आला. "ढीग हलतोय," अक्का म्हणाली.

या वेळी खारू धावतच गेली. वाळूतून एक टोकदार नाक वर आलं होतं. मग एक पाय. मग नाण्याएवढं अख्खं कासव, पाठीवर वाळू घेऊन. त्याच्यामागे दुसरं, तिसरं. थोडं थांबून, इकडेतिकडे बघून, सगळी तळ्याच्या दिशेने निघाली. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी दाखवलं नव्हतं. एक कावळा खाली आला. अक्काने त्याच्यावर हेल्मेट फेकलं.

"अक्का! मध्ये पडायचं नसतं. कावळ्यालाही पोट आहे."

"माझ्या साइटवर नाही," अक्का म्हणाली.

पिल्लं आतल्या नव्या रस्त्यापर्यंत पोचली आणि अडली. रस्त्याच्या कडेने सिमेंटचा कट्टा घातला होता, वीतभर उंचीचा, सुबक, सरळ रेषेत. अक्काचंच काम. पिल्लं त्याला नाक लावून उभी राहिली, वर चढायला गेली, उताणी पडली, धडपडत पालथी झाली, पुन्हा गेली.

खारूने अक्काकडे पाहिलं. अक्काने कट्ट्याकडे पाहिलं.

"घण आणा," ती म्हणाली.

गवंडी धावत आला. "अक्का, नको! काल पाणी मारणं संपलंय त्याचं. आता कुठे पक्का झालाय!"

"ते कळतंय मला, मीच सांगितलं होतं मारायला." तिने घण घेतला, बाह्या सारल्या आणि पिल्लांपासून लांब, थोडं पुढे, पहिला घाव घातला. कट्टा खरंच पक्का झाला होता. बराच वेळ लागला. खारू गुडघे टेकून फुटलेले तुकडे बाजूला करत होती आणि पिल्लांना येऊ नका, येऊ नका म्हणत हाताने आडोसा धरत होती.

"जरा तिरकं फोड," ती म्हणाली. "उतार दे थोडा, म्हणजे घसरणार नाहीत."

"उतार कसा द्यायचा ते मला शिकवू नकोस," अक्का धापा टाकत म्हणाली, आणि तिने उतार दिला.